इंजिन चढते, पण पाते फिरत नाही: एका इंजिनावर चार अटॅचमेंट चालवताना वारंवार होणारा बिघाड

पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आणि काही बंगल्यांच्या बागा सांभाळण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करतो. हिरवळ, दुरांता आणि मेंदीची कुंपणे, कडेचा सुबाभूळ आणि पावसाळ्यात कुठूनही उगवणारे गाजरगवत एवढा पसारा हाताने आवरत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एकाच इंजिनावर वेगवेगळी अटॅचमेंट बदलून लावता येणारे यंत्र घेतले. गवत कापण्याचे हेड, कुंपण छाटण्याची कात्री, उंच फांद्यांची साखळी करवत आणि माती भुसभुशीत करणारा वीडर, असा तो संच होता. टेम्पोत एकच इंजिन ठेवायचे आणि कामाप्रमाणे पुढचा पाईप बदलायचा, ही कल्पना कोणालाही पटण्यासारखी आहे आणि मलाही ती पटली होती.

पुढच्या दोन पावसाळ्यांत मी या यंत्राचे दोन गिअर बॉक्स, एक क्लच ड्रम आणि एक आतला शाफ्ट बदलला. तक्रार दर वेळी तीच असे. इंजिन पहिल्या दोन-तीन दोऱ्यांत सुरू होते, ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, पण पाते जागचे हलत नाही. किंवा हवेत मोकळे फिरते आणि गवताला टेकले की थांबते. आमच्याकडचा एक मुलगा हे नेमके सांगायचा, ‘दादा, मशीन ओरडतंय, पण काम करत नाय.’ दुकानात दिले की झिजलेला भाग बदलून मिळे, यंत्र तीन-चार आठवडे बरे चाले, आणि मग तीच तक्रार पुन्हा येई, फक्त झिजलेला भाग दुसराच असे. आधी गिअर बॉक्सचा पिनियन, म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो तो छोटा दातेरी गिअर, मग ड्रमचे भोक, मग शाफ्टचे टोक, आणि फिरून पुन्हा पिनियन. प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे पाहिली तर योग्यच होती, पण ज्या कारणाने हे भाग झिजत होते त्याला कोणी हात लावत नव्हते, आणि त्यात मीही आलो.

कारण समजायला शक्ती इंजिनापासून पात्यापर्यंत कशी जाते, ते आधी पाहावे लागते. इंजिनाच्या तोंडाशी केंद्रोत्सारी क्लच असतो. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मिनिटाला साधारण तीन हजार फेऱ्यांवर असताना क्लचचे शू स्प्रिंगने आत ओढलेले असतात. फेरे चार हजारांच्या आसपास गेले की ते बाहेर फाकून ड्रमला पकडतात. ड्रमच्या मध्यभागी दात्यांचे किंवा चौकोनी भोक असते आणि त्यात आतल्या पोलादी शाफ्टचे वरचे टोक बसते. एकसंध पाईपच्या साध्या ब्रश कटरमध्ये त्या शाफ्टचे खालचे टोक थेट गिअर बॉक्सच्या पिनियनमध्ये जाते, म्हणजे जोड दोनच. अटॅचमेंट बदलता येणाऱ्या यंत्रात पाईप आणि शाफ्ट दोन्ही मध्येच कापलेले असतात, ते दोन तुकडे जोडणाऱ्या कपलरपाशी तिसरा जोड येतो, आणि तोच दिवसातून पाच-सहा वेळा उघडला-मिटला जातो.

या तीनही जोडांत नट नाही, वेल्डिंग नाही. शाफ्ट फक्त सरकवून बसवलेला असतो आणि पाईपच्या आत त्याला आधार देणाऱ्या बुशांमध्ये तो पुढे-मागे थोडा सरकू शकतो. म्हणून शाफ्टचे टोक समोरच्या भोकात किती मिलिमीटर आत गेले आहे, यावर सगळा कारभार चालतो. १.१ किलोवॅटचे इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर साधारण १.५ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देते. आठ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टच्या कडेवर, म्हणजे चार मिलिमीटर त्रिज्येवर, हा जोर सुमारे ३७५ न्यूटन, म्हणजे ३८ किलोच्या वजनाएवढा होतो. दाते वीस मिलिमीटर आत असतील तर तो वीस मिलिमीटरवर वाटला जातो. सहाच मिलिमीटर आत असतील तर प्रत्येक मिलिमीटरवरचा भार तिपटीहून अधिक. पात्यात मूळ किंवा दगड अडकतो त्या क्षणी हा भार आणखी कितीतरी पटींनी वाढतो, आणि सहा मिलिमीटरचे दाते तेवढ्या एका झटक्यात गोल होतात.

शाफ्ट सरकता असल्यामुळे कमी पडलेली लांबी नेहमी एकाच टोकाला कमी पडत नाही. आज शाफ्ट वर सरकलेला असेल तर गिअर बॉक्सचा जोड उथळ राहतो, उद्या यंत्र उलटे धरून टेम्पोत टाकले की शाफ्ट खाली सरकतो आणि ड्रमचा जोड उथळ होतो. माझ्या यंत्रात झिजणारा भाग दर वेळी बदलत होता, तो याचमुळे. हे माझ्या लक्षात आणून दिले ते शाफ्टचे टोक पुन्हा खाचून घ्यायला गेलो होतो त्या लेथवाल्या काकांनी. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, टोकाच्या चकाकत्या भागावर नख फिरवले आणि विचारले, ‘हा आत किती जातो, कधी मोजलंस का?’ मी मोजले नव्हते. चकाकी जेमतेम सात मिलिमीटरची होती. त्याच्या मागचे दाते अजून कारखान्यातून आल्यासारखे काळे होते.

तेव्हा ही तक्रार आली की दुकानात जाण्याआधी घरीच पुढील तपासणी करावी. तिला पाना, ॲलन की, जाडी-खोली मोजणारा व्हर्नियर आणि अर्धा तास एवढेच लागते. सर्वांत आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, कारण यापुढे हात फिरत्या भागांजवळ जाणार आहेत.

पहिली पायरी म्हणजे अटॅचमेंट वेगळे करून बिघाड कपलरच्या वर आहे की खाली, हे ठरवणे. वेगळ्या केलेल्या अटॅचमेंटच्या पाईपमधून बाहेर आलेले शाफ्टचे टोक पकडीने हलकेच धरून फिरवावे. पकडीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवावा, नाहीतर दाते खराब होतात. शाफ्टबरोबर पुढचे हेड फिरले आणि हेड दुसऱ्या हाताने धरून ठेवल्यावर शाफ्टही अडला, तर खालचा भाग ठीक आहे. हेड धरूनही शाफ्ट मोकळा फिरत राहिला, तर शाफ्ट आणि पिनियनचा जोड तरी सुटला आहे किंवा गिअरचे दाते तरी गेले आहेत. वरच्या भागासाठी क्लचचे आवरण उघडून ड्रम धरावा आणि कपलरच्या आतले तोंड मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवून पाहावे. ड्रम स्थिर असताना ते फिरले तर वरचा जोड गेला आहे. दोन्ही बाजू घट्ट निघाल्या तर संशय दोघांवरच राहतो, मधला कपलर आणि क्लचचे शू.

कपलरचा जोड डोळ्यांना दिसत नाही, कारण जोडल्यावर तो पाईपच्या आत असतो. त्यासाठी मी स्वयंपाकघरातून सुपारीएवढा घट्ट कणकेचा गोळा आणतो. कपलरच्या आतल्या भोकात तो दाबून बसवायचा, अटॅचमेंट नेहमीप्रमाणे पूर्ण आत सरकवून खटका बसेपर्यंत जोडायचे, आणि पुन्हा बाहेर काढायचे. कणकेत शाफ्टच्या टोकाचा ठसा उमटतो आणि तो किती खोल आहे ते काडीने मोजता येते. यंत्र नवे होते तेव्हा मोजले असते तर किती मिळाले असते ते मला सांगता येणार नाही. पण मी पहिल्यांदा मोजले तेव्हा गवताच्या हेडला अठरा मिलिमीटर मिळाले आणि वीडरला आठ. मोजून झाल्यावर भोक पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने स्वच्छ करून बोटाच्या टोकावर येईल एवढे ग्रीस लावावे. कणीक आत राहिली तर मुंग्या लागतात, हेही अनुभवाने सांगतो.

ठसा उथळ निघाला, तर कारण बहुतेक वेळा तिघांपैकी एक असते. सर्वांत साधे म्हणजे कपलरमधली घाण. ओल्या गवताचा चोथा आणि माती कपलरच्या तळाशी थराथराने दाबली जाते आणि पाईपला पूर्ण आत जाऊ देत नाही. स्प्रिंगची पिन तरीही भोकाच्या कडेवर अडकून ‘खट्’ असा आवाज देते आणि काम करणाऱ्याला जोड बसल्यासारखे वाटते. म्हणून पिन बसल्यावर पाईप बाहेरच्या बाजूला ओढून आणि डावी-उजवीकडे फिरवून पाहावा, पिनचे डोके भोकात सपाट बसलेले दिसले पाहिजे, आणि त्यानंतरच कपलरची मूठ आवळावी. मूठ आधी आवळली तर पाईप तिरका पकडला जातो, शाफ्ट तिरकाच फिरतो आणि दाते एका कडेने झिजतात. मोकळ्या असलेल्या अटॅचमेंटच्या तोंडाला झाकण हवे. कंपनीचे रबरी बूच हरवल्यावर आम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणे आणि चिकटपट्टी वापरतो, तेवढ्यानेही काम भागते.

दुसरे कारण दोन्ही टोकांच्या पकडींचे सरकणे. वर क्लचच्या घरात आणि खाली गिअर बॉक्सच्या मानेत पाईप बोल्टने आवळलेला असतो. कंपनाने बोल्ट सैल झाले की पाईप दोन-चार मिलिमीटर बाहेर सरकतो, तेवढीच जोडाची लांबी कमी होते आणि बाहेरून काहीही वेगळे दिसत नाही. बहुतेक गिअर बॉक्सना आवळण्याच्या बोल्टांखेरीज एक बारीक अडकवणीचा स्क्रू असतो आणि तो पाईपच्या भोकातच जायला हवा. घाईत बसवताना तो भोकाशेजारी पाईपवर टेकून राहतो, म्हणजे नुसता शोभेचा. हे सरकणे ताबडतोब कळावे म्हणून मी प्रत्येक जोडावर अर्धी रेघ पाईपवर आणि अर्धी पकडीवर येईल अशी पिवळ्या ऑइलपेंटची एकच रेघ मारली आहे. रेघ तुटलेली दिसली की काम थांबवून आधी बोल्ट. गेल्या चार वर्षांत या एका रेघेने माझे जेवढे पैसे वाचवले, तेवढे कोणत्याही महागड्या सुट्या भागाने वाचवले नसतील.

तिसरे कारण चुकीच्या मापाचे अटॅचमेंट, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे मिळणाऱ्या अटॅचमेंटचे पाईप प्रामुख्याने २६ आणि २८ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि शाफ्टचे टोक सात दात्यांचे, नऊ दात्यांचे किंवा चौकोनी असते. दुकानात मात्र ‘सगळ्या मशीनला बसतं’ एवढेच सांगितले जाते. माझा मूळ वीडर मोडल्यावर मला असाच एक वीडर देण्यात आला. त्याचा पाईप २६ चा होता आणि माझा कपलर २८ चा. विक्रेत्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची नळी केली, ती पाईपवर चढवली आणि कपलर आवळून दाखवला. हाताने हलवला तर अगदी घट्ट. पण पत्र्याच्या नळीने पाईप बरोबर मध्यावर राहत नाही, तो एका अंगाला कलतो, आणि सात हजार फेऱ्यांवर केसाएवढा कलही सहन होत नाही. शिवाय पत्र्यामुळे पिन भोकापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणजे पाईप केवळ मुठीच्या आवळणीवर धरलेला होता. हा जुगाड अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी औंधच्या एका बंगल्यात वीडर फिरता-फिरता कपलरमध्येच फिरला, हँडल धरणाऱ्या मुलाच्या मनगटाला हिसका बसला आणि कपलरच्या ॲल्युमिनियमला तडा गेला. मुलाला दुखापत झाली नाही. तेव्हापासून दुकानात जाताना व्हर्नियर खिशात असतो. पाईपचा बाहेरचा व्यास मोजावा, दाते मोजावेत, शाफ्ट पाईपच्या तोंडापासून किती बाहेर आला आहे ते मोजून जुन्या अटॅचमेंटशी ताडून पाहावे. हे मोजू न देणाऱ्या दुकानातून अटॅचमेंट घेऊ नये.

कपलर निर्दोष निघाला तर क्लचकडे वळावे. ड्रमच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक असेल आणि जळका वास येत असेल, तर शू घसरत आहेत. शू झिजलेले नसूनही ते घसरत असतील तर त्यांवर तेल आले आहे का पाहावे, कारण क्रँकचे सील गळू लागले की तेल थेट तिथेच येते. शू पेट्रोलने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून बसवले तरी सील बदलेपर्यंत तक्रार जात नाही. मात्र क्लच घसरण्याचे एक कारण क्लचच्या बाहेरचे आहे आणि ते हमखास नजरेतून सुटते. इंजिनच दमलेले असेल तर भार येताच फेरे चार हजारांच्या खाली येतात, शू अर्धवट पकडतात आणि घासत राहतात. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणगीरोधक जाळी काजळीने बुजलेली असते, एअर फिल्टर गवताच्या भुकटीने भरलेला असतो, किंवा पेट्रोल जुने झालेले असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये काही आठवड्यांत तळाशी पाण्याचा थर बसू शकतो. जुन्या डायफ्रॅम कार्ब्युरेटरचे रबर त्याने कडक होते किंवा फुगते. आम्ही दोन स्ट्रोकच्या यंत्रांसाठी आठवड्याला लागेल तेवढेच पेट्रोल आणतो आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो. तेलाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले तेच ठेवावे; १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. ‘थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं’ या समजुतीने जाळी लवकर बुजते, आणि जाळी बुजली की क्लच जळतो.

गिअर बॉक्सबद्दल थोडक्यात. दर वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर बाजूचा स्क्रू काढून लिथियम ग्रीस भरावे, पण ठासून भरू नये. पाऊण भाग भरला की पुरे, नाहीतर ग्रीस तापून सीलमधून बाहेर येते. पंधरा मिनिटे काम केल्यावर गिअर बॉक्सवर हात टेकवता आला पाहिजे.

आता वीडरकडे येतो, कारण माझ्या यंत्राच्या मोडतोडीतला मोठा वाटा त्याचाच होता. गवताचे हेड, कात्री आणि करवत यांवरचा भार थोड्याफार फरकाने एकसारखा असतो. वीडरचे तसे नाही. त्याच्या आतील गिअर वेग कमी करून पीळ वाढवतात, पण दाते जमिनीत गेले की भार झटक्याझटक्याने येतो, आणि प्रत्येक झटका त्या तीन जोडांपर्यंत परत जातो. शेतातल्या जमिनीचा अंदाज तरी असतो; संस्थेच्या बागेत मात्र वर नऊ इंच लाल माती आणि खाली बांधकामाचा भराव असतो, त्यात विटांचे तुकडे, सळईचे टोक, ठिबकच्या नळ्या आणि कधीकधी दिव्यांची केबल. माझा मूळ वीडर गेला तो ठिबकच्या काळ्या नळीने. नळी दातऱ्यांभोवती तीन वेढे गुंडाळली गेली, हेड जागच्या जागी थांबले, मुलाने सवयीने ॲक्सिलरेटर आणखी दाबला, आणि सोडवल्यावर शाफ्टला दोरीसारखा पीळ बसलेला दिसला. म्हणून त्यानंतर वीडर लावण्याआधी ठिबकच्या नळ्या उचलून बाजूला करणे, सळईने माती टोचून पाहणे आणि वाफसा आल्याशिवाय यंत्र न लावणे, हे तीन नियम आम्ही केले. चिखलात वीडर घातला तर तो माती हलवत नाही, तीच अंगाला चिकटवून घेतो. एका वेळी दोन-तीन इंचांपेक्षा खोल जाऊ नये. खोल हवे असेल तर दुसरा फेरा मारावा.

आणि खरे सांगायचे तर ज्यांना आठवड्यात चार-पाच तासांपेक्षा जास्त माती हलवायची आहे, त्यांनी वीडर या संचातून काढूनच टाकावा आणि त्यासाठी चाकांचा छोटा टिलर वेगळा घ्यावा. वीडर वेगळा केल्यापासून माझ्या यंत्राचा एकही जोड गेलेला नाही. बाकीच्या तीन कामांसाठी मात्र एकच इंजिन पुरते, आणि उत्तम पुरते.

नवे यंत्र घेताना म्हणूनच माझी पाहण्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी मी सीसी विचारत असे. आपल्याकडे ४३ आणि ५२ सीसीची दोन स्ट्रोकची इंजिने सर्रास मिळतात आणि मोठा आकडा मोठ्या शक्तीसारखा वाटतो. पण व्यावसायिकांसाठी बनवलेल्या संचांत इंजिने याहून लहानच असतात. स्टिलच्या केएम १३१ मध्ये ३६.३ सीसीचे इंजिन आहे आणि शक्ती १.४ किलोवॅट आहे; होंडाचे जीएक्स ३५ हे चार स्ट्रोकचे इंजिन ३५.८ सीसीचे आहे. जीएक्स ३५ मध्ये पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही, मात्र इंजिनाच्या पोटात वेगळे जेमतेम १०० मिली तेल असते आणि ते वेळेवर बदलावेच लागते. म्हणजे सीसीपेक्षा किलोवॅट, आणि किलोवॅटपेक्षाही तो पीळ पोहोचवणारे जोड किती भक्कम आहेत, हे पाहावे. दुकानात मी आधी कपलर उघडायला लावतो: पिन किती जाड आहे, आतले भोक पोलादाचे आहे की मऊ धातूचे, शाफ्ट किती आत जातो. मग विचारतो की क्लच शू, ड्रम, आतला शाफ्ट आणि गिअर बॉक्स हे चार भाग स्वतंत्र मिळतात का, आणि याच गावात मिळतात का. ‘पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल’ असे उत्तर आले तर ते यंत्र व्यवसायासाठी नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हिंडून बरेच सुटे भाग मिळतात हे खरे, पण जुलैत संस्थेच्या सचिवांचे फोन सुरू झाले की हिंडायला वेळ नसतो.

कंपनीची पुस्तिकाही वाचावी. चांगल्या कंपन्या कोणते अटॅचमेंट कोणत्या इंजिनावर आणि कोणत्या हँडलवर चालवायचे याचा तक्ता देतात. हे विक्रीचे डावपेच नव्हेत. गोल कडीच्या हँडलवर धातूचे पाते लावले आणि ते खोडाला आपटले, तर यंत्र चालवणाऱ्याच्या पायाकडे उसळी घेते, म्हणून अडसर-दांडी किंवा दोन मुठींचे हँडल सक्तीचे असते. पाते चालू असताना पंधरा मीटरच्या आत दुसरे कोणी नसावे हेही त्याच पुस्तिकेत असते आणि संस्थेच्या आवारात तेच सर्वांत अवघड जाते, म्हणून आम्ही मुले शाळेत असतानाची वेळ घेतो. लांब दांड्याच्या करवतीबाबत दोन गोष्टी. विजेची तार जवळ असताना दांडा वर करू नये. आणि शहरात फांदी तोडण्यापूर्वी महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेची परवानगी लागते, ती संस्थेने काढली आहे का ते आधी विचारावे. यंत्र आपले आहे म्हणून दंडही आपल्यालाच, असे ऐकून घ्यायची वेळ येऊ नये.

बॅटरीवर चालणाऱ्या संचांबद्दल सध्या खूप विचारणा होते. त्यांत सहसा असा क्लच नसतो, त्यामुळे क्लचचे आणि पेट्रोलचे सगळे दुखणे जाते. पण कपलर आणि गिअर बॉक्स तसेच राहतात, आणि वर सांगितलेली तपासणी त्यांनाही तशीच लागू पडते. हिशेब बॅटरीचा करावा. १८ व्होल्टच्या ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत मिळून १८० वॅट-अवर असतात. यंत्र सरासरी ६०० वॅट खेचत असेल तर काम अठरा मिनिटांचे. कुंपणाच्या कात्रीला एवढी शक्ती लागत नाही, म्हणून तिथे बॅटरी छान चालते आणि सकाळी सात वाजता रहिवाशांच्या तक्रारीही येत नाहीत. गुडघाभर वाढलेल्या पावसाळी गवताला मात्र दिवसभरासाठी किती जोड्या लागतील, ते आधी मोजावे आणि मगच किंमत विचारावी.

एक अडचण दुरुस्तीने सुटत नाही. दोन माणसे आणि एकच इंजिन असेल, तर एकाच्या हातात कात्री असताना दुसरा गवत कापू शकत नाही, आणि ते इंजिन बिघडले की सगळीच कामे थांबतात. आम्ही त्यावर एवढेच केले आहे की दिवसाची आखणी घरांप्रमाणे न करता अटॅचमेंटप्रमाणे करतो. शेजारच्या तीन इमारतींची कुंपणे आधी एका दमात छाटायची, मग गवत, मग फांद्या. त्यामुळे पूर्वी दिवसातून सहा वेळा उघडणारा कपलर आता दोनदा उघडतो.

माझ्या यंत्रात सध्या एकच आवाज उरला आहे. पूर्ण वेगावर वरच्या पाईपमध्ये बारीक खडखड येते, दाबून धरल्यावर थांबते. पिवळ्या रेघा जुळलेल्या आहेत, ठसा अठरा मिलिमीटरच आहे, म्हणजे ही बहुधा मधल्या बुशाची झीज आहे; या रविवारी पाईप उघडणार आहे.